रिपोर्ट नॉर्मल आले, त्रास मात्र तसाच आहे: आता पुढे काय करायचं

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे ऐकून घरी आलेल्या आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच धडधडीने, त्याच मुंग्यांनी किंवा त्याच अंगदुखीने हैराण झालेल्या माणसासाठी हे लिहिलं आहे. त्याच्या घरच्यांसाठीही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा होत नाही. तपासलेल्या अवयवात बिघाड सापडला नाही, एवढंच त्यातून कळतं. अतिचिंता, पॅनिक (अचानक उसळणारी तीव्र घबराट) आणि नैराश्य हे आजार कितीतरी लोकांत शरीराच्याच तक्रारी घेऊन येतात, आणि त्या तक्रारी खऱ्या असतात. दुखतं म्हणजे दुखतंच. आपल्या भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे: पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, घशात आवंढा अडकतो, जीव घाबरा होतो.

आधी शरीराची तपासणी, एकदाच पण पूर्ण

मनाचं निदान ‘बाकी काहीच सापडलं नाही म्हणून’ करायचं नसतं. तरीही शरीराची बाजू एकदा नीट पाहून घेणं आवश्यक आहे, कारण दोन्हीकडे चुका होतात. आपल्याकडची सर्वांत घातक चूक म्हणजे छातीत दुखलं की ‘गॅस असेल’ म्हणून ओवा किंवा सोडा घेऊन झोपणं. चालताना किंवा जिना चढताना छाती आवळून येणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, शुद्ध हरपणं यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकार नुसता दम, मळमळ किंवा थकवा म्हणूनही येतो. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजून धावायचं. ‘आधीही असं झालं होतं, तेव्हा पॅनिक निघालं’ हा हिशेब तिथे लावू नका.

छातीच्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेलात तर ईसीजीबरोबर ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी होते. दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर पहिली ट्रोपोनिन नॉर्मल येऊ शकते, म्हणून काही तासांनी ती पुन्हा करतात. ‘पहिली नॉर्मल आहे ना, मग चला घरी’ अशी घाई करू नका. धडधड, मुंग्या आणि थकवा यांसाठी साधारणपणे हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण मोजणी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, बी-१२, कॅल्शियम आणि सोडियम-पोटॅशियम एवढं पुरतं. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड जास्त चालत असेल तर धडधड अगदी पॅनिकसारखीच होते. बी-१२ कमी असेल तर मुंग्या येतात, आणि शाकाहारी घरांत हे वारंवार सापडतं.

चालू औषधांची आणि सवयींचीही यादी करा. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, दिवसातला सहावा कप चहा, तंबाखू आणि मिश्री या सगळ्यांनी नाडी वाढते. रोज दारू पिणाऱ्याला सकाळी होणारा थरकाप आणि घाम हा उतरत्या दारूचा असतो. त्याने दारू एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

एक फरक सगळ्यांना माहीत असायला हवा. हृदयाच्या विद्युतमार्गात दोष असला की एसव्हीटी नावाची धडधड होते. ती बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होते आणि एकदम थांबते, आणि नाडी मिनिटाला १५० ते २२० पर्यंत जाते. पॅनिकची धडधड चढत जाते आणि हळूहळू उतरते. म्हणून त्रास चालू असताना मनगटावर ३० सेकंद ठोके मोजा, दोनाने गुणा आणि आकडा लिहून ठेवा. एसव्हीटी असलेल्या, विशेषतः तरुण स्त्रियांना वर्षानुवर्षं ‘टेन्शन’ म्हणून परत पाठवलं गेल्याची उदाहरणं वैद्यकात भरपूर आहेत. शक्य असेल तर ईसीजी त्रास चालू असतानाच काढून घ्या. शांत झाल्यावर काढलेल्या ईसीजीत एसव्हीटी बहुधा दिसत नाही.

एवढं झालं की थांबायचं. तोच एको, तोच सीटी स्कॅन तिसऱ्या ठिकाणी पुन्हा करून मन चार दिवस शांत होतं, पण पाचव्या दिवशी शंका दुप्पट होऊन परत येते. नवीन लक्षण, वजन घटणं, ताप, शौचातून रक्त किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तरच तपासणीचं दार पुन्हा उघडा.

शरीरात नेमकं काय होतं

हे समजून घेणं हा उपचाराचाच भाग आहे. पॅनिक अटॅकमध्ये मेंदूतली धोक्याची घंटा कारण नसताना वाजते आणि ॲड्रेनॅलिन सुटतं. हृदय जोरात पळू लागतं, स्नायू आवळतात, घाम फुटतो, आतड्यांची हालचाल बदलते. माणूस भराभर श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर जातो. त्याने रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं. म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधीकधी हाताची बोटं आकडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे गरगरतं आणि आजूबाजूचं जग परकं वाटायला लागतं. ‘श्वास पुरत नाही’ असं वाटत असतं तेव्हा प्रत्यक्षात श्वास गरजेपेक्षा जास्त चाललेला असतो. ऑक्सिमीटरवर ९८ दिसतात ते त्यामुळेच.

हा अटॅक काही मिनिटांत, बहुधा दहाच्या आत, शिगेला पोचतो आणि साधारण अर्ध्या तासात ओसरतो. तो झोपेतही येतो. एखादा अटॅक म्हणजे आजार नव्हे. अटॅक पुन्हा पुन्हा अचानक येत असतील, आणि ‘परत येईल’ या धास्तीने महिनाभर माणसाने लोकल, बाजार, एकटं राहणं टाळायला सुरुवात केली असेल, तेव्हा त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात.

नैराश्याचं चित्र निराळं आहे. तिथे अंगदुखी, डोकं जड, पाय ओढत चालणं, भूक मेलेली, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, आणि सकाळी सगळं जास्त व संध्याकाळी जरा बरं असं असतं. असा माणूस ‘मला वाईट वाटतं’ असं म्हणतच नाही, ‘अशक्तपणा आहे’ म्हणतो. मग सलाइन लागतं, बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं होतात, दोन दिवस बरं वाटतं आणि महिने निघून जातात. स्त्रिया अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार सांगतात. गोव्यातल्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांत या तक्रारीचा जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त संबंध दिसला. पुरुषांत ‘धातू जाते’ ही भीती असते. त्या तक्रारीला धात सिंड्रोम हे नाव डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये दिलं.

पचनाचंही इथे सांगायला हवं. चिंतेने होणाऱ्या छातीतल्या जळजळीला ‘पित्त’ म्हणून वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल घेणारी माणसं घरोघर आहेत. ही गोळी दीर्घकाळ घेतली की बी-१२ चं शोषण कमी होऊ शकतं. मग मुंग्या आणि थकवा वाढतो, आणि चिंतेला नवं खाद्य मिळतं.

दोन आठवड्यांची वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी साध्या वहीत चौदा दिवस नोंदी करा. तारीख आणि वेळ, काय झालं, किती मिनिटं टिकलं, नाडी किती, त्याआधीच्या तासाभरात काय केलं-खाल्लं-ऐकलं, आणि नंतर तुम्ही काय केलंत. नमुना असा: ‘मंगळवार, रात्री १०:४०. अंथरुणावर पडल्यावर धडधड, बोटांना मुंग्या. २५ मिनिटं. नाडी ११८. जेवण उशिरा, बँकेचा हप्त्याचा फोन संध्याकाळी. बायकोला उठवलं, पाणी प्यायलो, बीपी चार वेळा पाहिलं.’

शेवटची गोष्ट बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि निदानाला तीच सर्वांत उपयोगी पडते. चार वेळा बीपी पाहणं, खिशात गोळी ठेवून फिरणं, दवाखान्याच्या जवळच राहणं यांनी त्या क्षणी धीर येतो, पण ‘यामुळे वाचलो’ अशी मेंदूची समजूत होते आणि भीती पक्की होते. घाबरलेल्या अवस्थेत बीपी वाढलेलंच येतं, ते पाहून ते आणखी वाढतं. बीपीचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळीच, पाच मिनिटं शांत बसून मोजा. नसेल तर ते यंत्र दुसऱ्या घरी ठेवा.

वहीबरोबर दोन छोट्या प्रश्नावल्या भरा, दोन्ही मराठीत मिळतात. पीएचक्यू-९ नैराश्यासाठी आहे, एकूण गुण २७. जीएडी-७ चिंतेसाठी, एकूण गुण २१. दोन्हींपैकी कशातही १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना दाखवावं. हे गुण म्हणजे निदान नव्हे. पण पीएचक्यूचा नववा प्रश्न, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येण्याबद्दलचा, शून्य नसेल तर बाकीची बेरीज बघत बसू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, २४ तास, मराठीतूनही. शेतकरी घर असेल तर कीटकनाशकं घरातून हलवून कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा.

डॉक्टरांशी बोलताना

गर्दीच्या ओपीडीत पहिली दोन मिनिटंच तुमची असतात. ‘खूप त्रास होतो हो’ ने सुरुवात केली तर ती संपून जातात. असं बोला: ‘तीन महिने आठवड्यातून चारदा अचानक धडधड होते, २० मिनिटं टिकते, नाडी ११० ते १२० असते. ईसीजी, टीएसएच, हिमोग्लोबिन नॉर्मल आहे, हे रिपोर्ट. भीतीने मी बसने जाणं बंद केलंय. झोपही नीट नाही. हे पॅनिक असू शकेल का?’ शेवटचा प्रश्न तुम्ही स्वतः विचारलात की डॉक्टरांनाही मोकळेपणाने बोलता येतं. मनाचा विषय काढला तर पेशंट दुखावेल, म्हणून अनेक डॉक्टर तो काढतच नाहीत.

आणि एकच डॉक्टर धरा. ओळखीचे फॅमिली डॉक्टर असतील तर उत्तम. त्यांच्याकडे त्रास होईल तेव्हा न जाता दर चार ते सहा आठवड्यांनी ठरलेल्या दिवशी जा, बरं असलं तरी. लक्षण वाढलं की डॉक्टर भेटतात, हा धागा त्यामुळे तुटतो. शरीराच्या लक्षणांभोवती फिरणाऱ्या आजारांत या एका बदलाने फार फरक पडतो.

अटॅक आला की

जिथे आहात तिथेच बसा, पळून जाऊ नका. ‘खोल श्वास घे’ हा सल्ला इथे चुकीचा ठरतो, कारण मोठमोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो आणि मुंग्या वाढतात. श्वास लहान आणि सावकाश हवा. नाकाने चार आकडे मोजत आत घ्या, सहा आकडे मोजत बाहेर सोडा. पोटावर हात ठेवा, पोट हलायला हवं आणि खांदे स्थिर राहायला हवेत. असं पाच मिनिटं करा. भ्रामरी येत असेल तर तीही चालते, कारण तिच्यात उच्छ्वास लांबतो. कागदी पिशवीत श्वास घेणं हा जुना उपाय करू नका. दमा किंवा हृदयविकाराचा झटका असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

ही श्वासपद्धत अटॅकमध्ये पहिल्यांदाच करून पाहिली तर जमत नाही. शांत असताना सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, दोन आठवडे सराव करा, मग ती वेळेवर आठवते. घड्याळात वेळ बघून मनाशी म्हणा: ‘१०:४० ला सुरू झालं, ११:१० पर्यंत उतरेल.’ उतरलं की वहीत लिहा. वीस नोंदींत वीसदा ते उतरलेलं दिसलं की त्याचा धाक ओसरतो.

औषधं: कुठे चुकतं

पॅनिक, चिंता आणि नैराश्यात पहिल्या पसंतीची औषधं म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गटातली. पॅनिकमध्ये ती मुद्दाम अर्ध्या डोसने, म्हणजे एस्सिटालोप्राम ५ किंवा सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, कारण पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी आणि कधीकधी बेचैनी वाढते. नेमक्या याच टप्प्यावर लोक ‘गोळी सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. हा त्रास बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत जातो. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. बेचैनी असह्य झाली किंवा मरणाचे विचार आले तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दुसरी चूक बरं वाटल्यावर होते. पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने, पॅनिकमध्ये अनेकदा वर्षभर, गोळी चालू ठेवायची आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायची. एकदम बंद केली तर गरगर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. ही व्यसनाची लक्षणं नव्हेत. ट्रामाडॉल (तीव्र दुखण्यावरची गोळी), रक्त पातळ करणारी औषधं किंवा रोजच्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. म्हातारपणी या औषधांनी रक्तातलं सोडियम घसरू शकतं. पेंगुळलेपण किंवा गोंधळलेपण दिसलं तर सोडियम तपासा.

अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या घबराट शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी अर्ध्या-एक तासात आराम पडतो, म्हणूनच सवय लागते. दोन ते चार आठवड्यांपलीकडे त्या रोज घेऊ नयेत. वयस्कर माणसं त्यांनी पडतात, हाड मोडून घेतात. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणणं बंद करा. पण महिनोन्‌महिने घेत असाल तर एका दिवसात थांबवू नका, फिट येऊ शकते.

डोकेदुखीबद्दल एवढंच: साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, तीन महिने घेतली गेली तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते.

गोळीशिवायचं काम

पॅनिकमध्ये सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे वर्तनोपचार. त्यात टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत जायचं असतं. लोकलची भीती असेल तर पहिले तीन दिवस फक्त स्टेशनवर २० मिनिटं बसायचं, मग दुपारच्या मोकळ्या गाडीतून एक स्टेशन, मग तीन, मग गर्दीच्या वेळी. प्रत्येक पायरीवर भीती निम्मी उतरेपर्यंत थांबायचं. मध्येच उतरून पळालात तर भीती वाढते. एकदम वरची पायरी गाठली तरी तेच होतं. उपचारक शरीराच्या संवेदनांचीही सवय करून देतात: एक मिनिट जागेवर धावणं, एक मिनिट गोल फिरणं, बारीक नळीतून श्वास घेणं. हृदयविकार, दमा, अपस्मार (फिटचा आजार) किंवा गरोदरपण असेल तर हे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नका.

नैराश्याच्या अंगदुखीत आणि थकव्यात उलटी अडचण असते. बरं वाटेल तेव्हा उठू, असं म्हटलं की बरं वाटतच नाही. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं चालणं, वाटो न वाटो, आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवणं. चांगल्या दिवशी तासभर चालून दुसऱ्या दिवशी अंथरुण धरणं हे सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं वळण आहे. कामं पुन्हा सुरू करण्यावर आधारलेला असाच उपचार गोव्यात ‘संगत’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून, सहा ते आठ बैठकांत देऊन दाखवला आणि त्याने तीव्र नैराश्यातही सुधारणा झाली.

मनोविकारतज्ज्ञ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी जिल्हा रुग्णालयात चालते. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पॉलिसी काढून वाचा.

दातखिळी आणि फिट

काही वेळा ताण फिटसारख्या झटक्यांतून, हात लुळा पडण्यातून किंवा वाचा बसण्यातून दिसतो. याला कार्यात्मक मज्जाविकार म्हणतात. माणूस ते मुद्दाम करत नाही. अशा झटक्यात डोळे बहुधा मिटलेले असतात, मान डावी-उजवीकडे हलते आणि झटका लांबतो. अपस्मारात डोळे बहुधा उघडे असतात. पण हा निवाडा घरी करू नका, एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा, न्यूरॉलॉजिस्टना त्याचा मोठा उपयोग होतो. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, चिमटे काढणं, तोंडावर पाणी मारणं यांतलं काहीही करू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गर्दी हटवा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

शाळेच्या सकाळी दुखणारं पोट

मुलाचं पोट सोमवार ते शुक्रवार सकाळी सातला दुखतं आणि रविवारी दुखत नाही, हे दिसलं तरी आधी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बेंबीपासून दूर एका जागी दुखणं, उलट्या, वजन न वाढणं, शौचात रक्त असेल तर ते मनावर ढकलू नका. तसं काही नसेल तर मुलाला सांगा: ‘तुझं पोट खरंच दुखतंय, आणि तरीही आपण शाळेत जाणार आहोत.’ वर्गशिक्षकांना भेटून ठेवा. दुखलं तर दहा मिनिटं बाजूला बसायचं आणि परत वर्गात यायचं, घरी फोन करायचा नाही, एवढं ठरवून घ्या. शाळेत कोणी मारतं का, चिडवतं का, स्पर्श करतं का, हे मुलाला एकटं घेऊन, घाई न करता विचारा. घरी राहिलाच तर टीव्ही, मोबाइल आणि खाऊ शाळेच्या वेळेत बंद ठेवा. पहिले चार-पाच दिवस रडारड वाढते, ती वाढली म्हणून पाचव्या दिवशी घरी ठेवलं तर पुढच्या आठवड्यात दुखणं जास्त जोरात येतं.